धुऊन न जाणारी शंका

मराठीत आत्मचरित्रे पुष्कळ झाली, परंतु लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची गोडी काही वेगळीच. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्या हाताखाली जेमतेम लिहा-वाचायला शिकलेल्या या बाईने 1934 पासून आपल्या आठवणी भागाभागांनी प्रसिद्ध केल्या आणि मराठी वाचक थक्क झाला. त्यांचा विनोद, रेव्हरंड टिळकांचा विक्षिप्तपणा, घरात बालकवींसारख्यांचा वावर हे सारे आपल्याला पाठ असते. पण या आयुष्याला आणखी एक धागा आहे. तो सुरू होतो नाशिकजवळच्या जलालपुरात आणि सुटतो नगर जिल्ह्यात. भीतीने पछाडलेल्या एका घरात वाढलेली मुलगी त्या भीतीच्या पकडीतून कशी बाहेर पडली, त्याची ही कहाणी आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. त्यांचे आजोबा वासुदेव भगवंत जोगळेकर यांना सत्तावन्नच्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाली होती. या आघाताने जोगळेकरांच्या जावयाचे, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे मन कायमचे हादरले. त्यानंतर नानांच्या मनाने सोवळे धरले ते इतके, की बाहेरून घरात येणारी जवळपास प्रत्येक वस्तू धुतली जाई. सोवळे त्या काळी घरोघर होते, पण ते एका मर्यादेत असे. नानांच्या सोवळ्याला शेवटच नव्हता. एकदा धुऊन समाधान होत नसे, आणि समाधान झाले तरी ते टिकत नसे. बायको आणि मुले, सारे घर त्या एका शंकेच्या चाकरीला जुंपलेले असे.

आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे: मंत्रचळ. आजचे मनोविकारतज्ज्ञ ज्या विकाराला ओसीडी म्हणतात, त्यालाही मराठीत हाच शब्द रूढ झाला आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आज रोगाचे नाव चिकटवणे बरोबर नाही आणि तसे करण्याची गरजही नाही. मात्र लेकीने जे डोळ्यांनी पाहिले आणि पुढे लिहून ठेवले, ते वाचून असे घर ओळखीचे वाटणारी कितीतरी कुटुंबे आजही आहेत.

अकराव्या वर्षी मनकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली. नवरा नारायण वामन टिळक, कवी, बुद्धिमान, उदार आणि कमालीचा लहरी. त्या संसाराची ओढाताण सर्वांना ठाऊक आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीनच गेली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. त्यांतले काही दिवस पंढरपुरात गेले. नवऱ्याशी बोलायला, त्याला भेटायला जीव तुटत होता, आणि त्याच्या हातचे पाणी मात्र चालत नव्हते. जवळजवळ साडेचार वर्षे अशी गेली.

टिळक तेव्हा नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत होते. अखेर लक्ष्मीबाई तिकडे आल्या, परंतु सोवळे बरोबर घेऊनच आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्याबाबतीत बळजबरी केली नाही, ही मोठी गोष्ट. बाईंच्या मनात मात्र रात्रंदिवस घालमेल चाललेली. कोण शिवले, कशाला शिवले, आता काय बाटले? वडिलांच्या घरी धुणे हात करीत. इथे मन तेच करीत बसले होते.

मग एके दिवशी त्यांनी स्वतःलाच विचारले, की हा भेद देवाने केला की माणसाने? बराच विचार करून त्यांचे उत्तर आले, माणसाने. इथवर पुष्कळजण पोचतात. लक्ष्मीबाई पुढे गेल्या. यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असा निश्चय त्यांनी केला आणि तो अमलात आणला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांची सावली वडिलांना सोसली नसती, अशांना पुढे त्यांनी पोटाशी धरले. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा आजारी मुलींची शुश्रूषा त्यांनी केली. भीती आधी गेली आणि मग हात पुढे झाला, असे सहसा घडत नाही. हात पुढे होत गेला, की भीती मागे सरत जाते.

हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढे वैद्यकशास्त्रही याच वाटेने आले. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या दोन रुग्णांवरील उपचार प्रसिद्ध केले. रुग्णाला ज्याची धास्ती, त्याच्या जवळ त्याला न्यायचे आणि नंतर ते धुणे, ते तपासणे त्याला करू द्यायचे नाही. अस्वस्थता प्रथम वाढते, मग आपोआप ओसरते. आजही या विकारावर, औषधांच्या जोडीने, याच पद्धतीचा मुख्य आधार आहे.

मंत्रचळाचा विषय सोवळेच असतो असे नाही. तो माणसाला जे सर्वांत मोलाचे, नेमके त्यालाच धरतो. भाविकाच्या मनात देवाविषयी अभद्र विचार येतात. आईच्या मनात येते, की आपल्या हातून बाळाला इजा तर होणार नाही ना? आणि एखाद्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या मनात अचानक प्रश्न उभा राहतो, मी समलिंगी तर नाही? हा प्रश्न कुणालाही पडू शकतो आणि पडण्यात गैर काही नाही. पण या विकारात तो पडून राहत नाही, दिवसातून शेकडो वेळा येतो. मग सुरू होते तपासणी. मित्राकडे पाहताना मन काय म्हणाले, रस्त्याने जाणाऱ्या मुलीकडे पाहून काय वाटले, चित्रपट बघताना नजर कुठे गेली. जुन्या आठवणी उकरायच्या, जवळच्यांना खोदून खोदून विचारायचे, मित्रांना टाळायचे. हे सारे म्हणजे नानांचे धुणेच. पाणी तेवढे दिसत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. समलिंगी असणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली ते रोगांच्या यादीतून काढले आणि प्रौढांमधील संमतीच्या अशा संबंधांना गुन्हा ठरवणे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी थांबवले. आजार आहे तो न संपणाऱ्या शंकेचा. म्हणून तू तसा नाहीस, असे पटवून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तसे सांगितले की तासभर बरे वाटते आणि शंका पुन्हा दाराशी उभी. समलिंगी व्यक्तीलाही उलट बाजूने हाच विकार जडू शकतो. उपचाराचा हेतू कुणाचा कल बदलणे हा नसतो. शंभर टक्के खात्री नसतानाही जगता येते, विचार आला तर येऊ द्यावा, त्याची चौकशी करू नये आणि हातातले काम सोडू नये, हे शिकवणे हा त्याचा हेतू असतो. औषधांचा गुण यायलाही दोन-तीन महिने लागतात. तेवढा धीर मात्र हवा.

घरच्यांसाठीही जलालपूरच्या घरात धडा आहे. नानांच्या शंकेपुढे सारे घर वाकले, आणि शंका वाढतच गेली. मुलगा दहाव्यांदा तोच प्रश्न घेऊन आला, तर चिडू नये, हसू नये, पण दहाव्यांदा उत्तरही देऊ नये. त्याला जवळ बसवावे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही मिळते. नुसते मनावर घेऊ नकोस असे सांगून हा विकार जात नाही. लक्ष्मीबाईंसारखा निश्चय एकट्याच्या बळावर प्रत्येकाला साधेल अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. त्यांनाही वर्षे लागली, आणि त्यांची वाट पाहणारे माणूस घरात होते.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांनीही जगाचा निरोप घेतला. वडिलांच्या सोवळ्याविषयी त्यांनी जे लिहिले त्यात त्रास आहे, हसू आहे, पण राग नाही. ज्या भीतीने बालपण व्यापले होते, तिच्याकडे त्या इतक्या मोकळेपणाने पाहू शकल्या. मन बरे होते म्हणजे काय, याची दुसरी खूण शोधण्याची गरज नाही. आठवण उरते, तिचा हुकूम मात्र चालत नाही.