आगरकर : विचारसरणी आणि व्यक्तीची स्वायत्तता

व्यवहारात स्वातंत्र्य म्हणजे मनास येईल तसे वागणे आणि विचारसरणी म्हणजे एखाद्या पक्षाची मते, असे समजले जाते. तत्त्वचिंतनात या संज्ञांना अधिक खोल अर्थ आहे. प्रचलित समाजव्यवस्था स्वाभाविक भासविणारी, न तपासलेली कल्पनांची चौकट ही विचारसरणी होय. तर ती चौकट विवेकाने तपासून स्वतःच्या आचरणाचा नियम स्वतः ठरविण्याची क्षमता ही स्वायत्तता होय. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांच्या चरित्रात हा भेद प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

कऱ्हाडजवळील टेंभू येथे गरीब कुटुंबात जन्मलेल्या आगरकरांनी कऱ्हाड, अकोला आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे शिक्षण घेतले. मिल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्या विचारांवर प्रभाव पडला. सरकारी नोकरीऐवजी त्यांनी अल्प वेतनाचे अध्यापन पत्करले. १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक होत. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर या मित्रांत फूट पडली. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केला.

या दोन अर्थांची खरी कसोटी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने लागली. या कायद्याने विवाहित मुलींसाठीही ही मर्यादा १० वरून १२ वर्षे केली. परक्या सरकारने धर्माचारात हात घालू नये, अशी टिळकांची भूमिका होती; आगरकरांनी कायद्याचा पुरस्कार केला. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कैवाऱ्याने सरकारी बंधनाचे समर्थन करावे, ही वरवर विसंगती वाटते. परंतु ज्या बालिकेस स्वतःची संमती देणेच शक्य नाही, तिच्या नावाने रूढीच बोलत असते. तिथे कायदा स्वातंत्र्याचा संकोच करीत नाही. ते पुढे संभवावे एवढी वाट मोकळी ठेवतो.

या भूमिकेची किंमत त्यांनी मोजली. विरोधकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले; दम्याने जर्जर होऊन १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी निवर्तले.

बालविवाह, केशवपन यांसारखे त्यांचे प्रमुख विषय मुख्यतः उच्चवर्णीय कुटुंबजीवनातले होते, ही त्यांच्या विचारांची मर्यादा होय. मात्र ती मर्यादा दाखवितानाही, कोणतीही चौकट विवेकाच्या कसोटीवर घासून पाहावी, हा त्यांचाच दंडक वापरावा लागतो.