मूठभर धान्याचे मोल : कर्मवीर भाऊराव पाटील

वसतिगृहासह चालणाऱ्या शाळेला देणगी द्यावयाची म्हटले, की बहुतेक दात्यांच्या डोळ्यांसमोर प्रथम इमारत येते. इमारत दिसते, तिच्यावर नाव कोरता येते. परंतु वसतिगृहात चूल मात्र रोज दोनदा पेटवावी लागते. धान्य, जळण, दिवाबत्ती, औषधपाणी, पुस्तके आणि ज्याच्या पालकांना शुल्क झेपत नाही त्या मुलाचा वाटा, हा सारा खर्च दरवर्षी नव्याने उभा राहतो. त्यासाठी वार्षिक निधीच लागतो. हा निधी इतका महत्त्वाचा का, हे ज्यांच्या जीवनातून स्पष्ट होते त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण आज आम्ही करीत आहोत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर परिसरातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले व तेथील एका वसतिगृहात राहू लागले. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना ते छत्र गमवावे लागले. राजर्षी शाहू महाराजांचा सहवास व त्यांचे विचार या काळात त्यांना लाभले. मॅट्रिकची पायरी मात्र त्यांना ओलांडता आली नाही. वसतिगृह बंद झाले की मुलाचे शिक्षण कसे अडते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

पुढे साताऱ्यात शिकवण्या, मग ओगले काच कारखाना व किर्लोस्कर यांच्या मालाची विक्री अशी कामे त्यांनी केली. किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या घरी हुशार मूल आहे, पण गावात शाळा नाही आणि परगावी राहण्या-जेवण्याची सोय नाही, ही अडचण त्यांना जागोजागी दिसली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्थेचे कार्यस्थान साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंगतीत जेवीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

नाव मोठे झाले, तरी कोठी भरलेली नव्हती. भाऊराव देणग्यांसाठी बाहेर असत आणि मुलांच्या जेवणाची जबाबदारी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर पडे. माहेरच्या सोवळ्यात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळले. धान्य संपले की तिचा एकेक दागिना बाजारात जाई. अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी गेले. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या.

या त्यागापुढे कोणाचेही मस्तक नम्र होईल. तथापि आम्हांला येथे एक व्यावहारिक सत्यही दिसते. सोने एकदाच विकता येते, भूक मात्र रोज लागते. एका व्यक्तीच्या असामान्य त्यागावर संस्था काही काळ तगते. पिढ्यान्‌पिढ्या चालवावयाची तर अनेकांनी थोडेथोडे, पण नियमाने द्यावे लागते. भाऊरावांनी हे ओळखले होते. त्यांनी मुष्टिफंडाची योजना राबविली. गृहिणीने दररोज दळणाच्या धान्यातून एक मूठ वसतिगृहातील मुलांसाठी बाजूला काढावी, एवढीच त्यांची मागणी होती. गरीबातील गरीब घरालाही ते जड नव्हते. त्या मुठीमुळे धान्य जमले, आणि देणाऱ्या घराला वसतिगृह आपले वाटू लागले.

मुलांनीही केवळ घेणारे राहू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. शेतात, बांधकामावर श्रम करून शिकण्याची त्यांची पद्धत कमवा व शिका या नावाने महाराष्ट्राला परिचित आहे. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल सुरू झाले आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय. या महाविद्यालयाचे नाव बदलल्यास मोठी रक्कम देण्याची एका धनिकाची तयारी भाऊरावांनी नाकारली, असे सांगितले जाते. हजारो घरांची मूठ पाठीशी असली, की संस्थेला एका दात्याच्या अटीपुढे वाकावे लागत नाही.

त्याची कसोटी लवकरच लागली. १९४८ साली सरकारशी झालेल्या मतभेदातून संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. त्या कठीण काळात भाऊराव पुन्हा जनतेकडे गेले आणि जनतेने त्यांना रिकाम्या हाताने पाठविले नाही. पुढे अनुदान पूर्ववत झाले. पण तोपर्यंत शाळा तगल्या त्या लोकांच्या मदतीवर.

भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या घरांनी त्या काळी मूठभर जोंधळा दिला, त्यांना तो कोणाच्या ताटात गेला हे ठाऊक नव्हते. वार्षिक निधीला देणाऱ्याची श्रद्धा ही अशीच असते. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मागे वसतिगृहे, शेकडो शाळा व महाविद्यालये उभी होती. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची डी. लिट. ही पदवी लाभली होती.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण कुठल्या ना कुठल्या वसतिगृहाच्या अन्नावर वाढले आहेत. पालकांनी भरलेल्या शुल्कात आपला सारा खर्च भागत होता, असे कोणी समजू नये. उरलेला भार कोणीतरी उचलला होता. त्या शाळेचे वार्षिक आवाहन हाती आले, तर रक्कम लहान आहे म्हणून संकोच करू नये आणि एकदा दिले म्हणून थांबूही नये. संस्थांनीही प्रत्येक रुपयाचा हिशेब दात्यांपुढे ठेवावा, कारण विश्वास उडाला तर मूठ उघडत नाही. इमारतीला दिलेले दान भिंतीवर दिसते. वार्षिक निधीला दिलेले दान मुलांच्या ताटात जाते, आणि ते ताट पुढच्या वर्षीही वाढावे लागणार आहे.