वाटाण्याचा अंकुर

१९१२ सालची गोष्ट. मुंबईतील एका घरात कुंडीत वाटाणा पेरला होता आणि कुंडीसमोर चित्रे घेण्याचे यंत्र मांडले होते. घरातील गृहस्थ ठरावीक वेळाने उठत, एकच चित्र घेत आणि पुन्हा वाट पाहत बसत. हा क्रम महिन्याहून अधिक काळ चालला. ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण या कला त्यांनी परिश्रमाने हस्तगत केल्या. चाळिशीच्या सुमारास त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथाही अशाच पडद्यावर आणाव्यात, असा ध्यास घेतला. त्या ध्यासापायी रात्रंदिवस डोळ्यांना ताण पडून त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत येताच विम्याचा करारनामा गहाण ठेवून ते ही विद्या शिकण्यासाठी इंग्लंडला गेले.

परत आल्यावर भांडवलाचा प्रश्न उभा राहिला. नुसत्या शब्दांवर विश्वासून पैसा कोण देणार? म्हणून त्यांनी वाटाणा पेरला होता. सारी चित्रे जोडून पडद्यावर दाखविताच मिनिटभरात बीज अंकुरले, वेल वाढला, शेंगा धरल्या! पाहणारे थक्क झाले. कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही दिले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत प्रदर्शित झाला.

१९१५ साली दादासाहेबांनी 'आगकाड्यांची मौज' तयार केली. निर्जीव काड्यांना चालते करण्याची युक्ती तीच. काडी केसभर सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे. पुन्हा सरकवावयाची, पुन्हा चित्र. सेकंदाला १६ चित्रे धरली, तर एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात! कोणती काडी केव्हा, कोठे जाणार, हे आधीच ठरवावे लागते. मध्येच एक धक्का लागला, तर आधीचे श्रम वाया जातात. अशा कामात पूर्वतयारी हेच निम्मे यश होय.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले. आगकाड्यांचा तो चित्रपट आज उपलब्ध नाही. परंतु भारतीय चित्रपटाचा प्रचंड वृक्ष आपण पाहतो, तेव्हा कुंडीतील त्या इवल्याशा अंकुराचे आणि त्यापुढे धीराने बसलेल्या त्या तपस्व्याचे स्मरण अवश्य करावे.