सुईला चकवणारे लोखंड

इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स १८०१ ते १८०३ या काळात ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजातून ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजत होते. जहाजाचे तोंड वळले की होकायंत्राची चूकही बदलते, हे त्यांच्या ध्यानात आले. दोष सुईचा नव्हे, जहाजातल्या लोखंडाचा! पुढे मॉरिशसमध्ये फ्रेंचांनी त्यांना सहा वर्षांहून अधिक काळ अडकवून ठेवले. सुटल्यावर त्यांनी नौदलाच्या जहाजांवर प्रयोग केले. ही चूक घालवणारी उभी लोखंडी कांडी आज त्यांच्याच नावाने ओळखतात. सागरी प्रवाह मोजणाऱ्या उपकरणातले होकायंत्रही बॅटरी बदलली की पुन्हा सर्व दिशांना फिरवून तपासतात; बॅटरीचे पोलादही सुईला ओढतेच. मूत्रविकाराने फ्लिंडर्स १९ जुलै १८१४ रोजी, चाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचा प्रवासग्रंथ आदल्याच दिवशी प्रसिद्ध झाला होता.