कुळांचे कैवारी बाबासाहेब

कोकणातील कूळ पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत असे, तिच्याशी त्याचे नाते बहुधा खोताच्या मर्जीपुरतेच असे. बांध आजोबांनी घातलेला, राब बापाने भाजलेला, लावणी घरच्या बायामाणसांनी केलेली. परंतु खळ्यावरचे भात उचलताना पहिला हक्क खोताचा. सरकारसाठी सारा गोळा करणारा हा मध्यस्थ कालांतराने गावाचा धनी होऊन बसला होता. अर्धेलीने निम्मे पीक त्याच्या घरी जाई. शिवाय वेठबिगार वेगळीच. बहुतेक कुळांपाशी कागदाचा आधार नव्हता. खोताने उद्या जमीन काढून घेतली, तर दाद कोठे मागावी हेही त्यांना ठाऊक नसे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव याच खोतीच्या मुलखातले.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महू येथील लष्करी छावणीत झाला. शेती त्यांच्या घरी नव्हती. मात्र शेतीच्या अर्थशास्त्राचा विचार त्यांनी ऐन तारुण्यात केला. भारतातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय या विषयावरील त्यांचा निबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तुकड्यांचे एकत्रीकरण केले की शेती सुधारेल, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. बाबासाहेबांना हे निदान अपुरे वाटले. धारणक्षेत्र लहान की मोठे, हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीच्या जोडीला भांडवल व श्रम किती आहेत, यावर ते अवलंबून असते, असे त्यांनी दाखवून दिले. जमिनीवर विसंबून राहिलेली जादा माणसे उद्योगधंद्यांत सामावून घेतल्याखेरीज शेतीचा भार हलका होणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढे सार्वजनिक जीवनात उतरल्यावर या अभ्यासाला अनुभवाची जोड मिळाली. महार वतनाच्या जमिनीच्या तुटपुंज्या मोबदल्यात एक संपूर्ण समाज गावकीच्या आणि सरकारच्या राबणुकीला जुंपला गेला होता. ती साखळी तोडण्यासाठी १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक आणले. ते पुढे मागे घ्यावे लागले. परंतु जमीन हे बंधनाचेही साधन होऊ शकते, ही जाण त्यांच्या विचारात कायम राहिली.

१९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांची जमीन कसण्याचेच नाकारले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील हा संप सुमारे सहा वर्षे चालला. स्वतःचे पोट ज्या शेतावर, तेच शेत ओसाड ठेवण्याचा हा लढा होता. बाबासाहेब या कुळांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांत आगरी होते, कुणबी होते, महार होते. जातीने विभागलेला हा समाज खंडाच्या प्रश्नावर एकत्र आला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बळ या एकजुटीत होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. खोतांना वाजवी भरपाई द्यावी आणि कुळांचे नाते सरळ सरकारशी जोडावे, अशी त्यातील योजना होती. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. तरीही विधेयक संमत झाले नाही. खोती कायद्याने संपुष्टात आली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

१९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात बाबासाहेब आणखी पुढे गेले. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन भरपाई देऊन राज्याने ताब्यात घ्यावी आणि जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसावयास द्यावी, असे त्यांनी सुचविले. ही योजना स्वीकारली गेली नाही. आणि अन्य देशांतील सक्तीच्या सामुदायिक शेतीचा अनुभव पाहता ती जशीच्या तशी उचलून धरणेही अवघड आहे. मात्र तिच्या मुळाशी असलेली चिंता खरी होती. बैल, अवजारे, बी-बियाणे यांवाचून केवळ जमिनीचा तुकडा हाती आलेला माणूस पुन्हा कोणाचा तरी मिंधा होतो, हे त्यांनी ओळखले होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १ एप्रिल १९५७ रोजी, मुंबई राज्यात कृषकदिन उजाडला आणि कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याचे तत्त्व अमलात आले. अनेकांना त्याचा लाभ झाला. परंतु दांडेकर व खुदानपूर यांच्या १९५७ सालच्या पाहणीने कुळकायद्याच्या अंमलबजावणीची दुबळी बाजूही पुढे आणली. कुळांकडून घेतलेल्या तथाकथित खुशीच्या राजीनाम्यांनी कायद्याचा हेतू किती ठिकाणी निष्फळ केला, हे तीवरून दिसून आले.

कूळ लागेल या धास्तीने मालक आज जमीन लेखी कराराने देण्यास कचरतो. वाट्याने, मक्त्याने, ठोक्याने जमिनी दिल्या जातात, पण तोंडी. सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे पीककर्ज, पीकविमा, गारपिटीची भरपाई ही सारी मालकाच्या दारी जाते आणि नुकसान कसणाऱ्याच्या पदरी पडते. मालकी अबाधित राखून कसणाऱ्यास मुदतीपुरता लेखी हक्क देणाऱ्या कायद्याचा नमुना निती आयोगाने २०१६ मध्ये राज्यांपुढे ठेवला. लेखी कराराची दिशा योग्यच होय. परंतु खंड व मुदत उभयतांनी आपसात ठरवावी, असे त्यात अभिप्रेत आहे. खोत आणि कूळ आपसात काय ठरवीत, हे चरीच्या शेतकऱ्यांनी पुरेपूर अनुभवले होते. भूमिहीन माणसाची संमती पुष्कळदा त्याच्या निरुपायाचेच दुसरे नाव असते.

म्हणूनच करार लेखी हवा, खंडाला वाजवी मर्यादा हवी, हंगामाच्या मध्यावर जमीन काढून घेण्यास मज्जाव हवा आणि कर्जाची वाट कसणाऱ्यालाही मोकळी हवी. बाबासाहेबांच्या पुतळ्यांना दरवर्षी असंख्य हार पडतात. त्यांनी ज्या कुळांसाठी विधेयक मांडले, त्यांच्या आजच्या वारसांचे नाव निदान एका हंगामापुरते तरी कागदावर यावे, एवढे काम अद्याप बाकी आहे.