जनरल द बॉयन : शिंद्यांचा ख्रिस्ती सेनानी

मराठ्यांच्या इतिहासांत ज्या थोड्या युरोपियन सेनानींचें नांव आदरानें घेतलें जातें, त्यांत बेन्वा द बॉयन हा अग्रगण्य होय. त्याच्या लढाया पुष्कळांस ठाऊक असतात. परंतु तरवार म्यान केल्यावर तो जीं ३४ वर्षें जगला, त्यांची हकीकत फारसें कोणी सांगत नाहीं.

त्याचा जन्म १७५१ सालीं सव्हॉय प्रांतांतील शांबेरी शहरीं एका व्यापाऱ्याच्या कॅथलिक घराण्यांत झाला. १७६८ सालीं तो फ्रान्सच्या राजाच्या आयरिश पलटणींत शिरला. पुढें रशियाच्या बाजूनें तुर्कांशीं लढतांना तो पाडाव होऊन कैदेंत पडला. सुटकेनंतर तो हिंदुस्थानांत आला व मद्रासेस कंपनीच्या पलटणींत राहिला. पण तेथें बढतीची आशा दिसेना. शेवटीं १७८४ सालीं महादजी शिंदे ह्यांनीं त्यास पदरीं ठेवून दोन कवाइती पलटणी उभारण्यास सांगितलें.

पाटीलबावांची पारख अचूक ठरली. १७८७ सालीं लालसोट येथें मोगली पलटणी शत्रूस जाऊन मिळाल्या; परंतु बॉयनचे शिपाई शिस्तीनें माघारी आले. मध्यंतरीं तो नोकरी सोडून लखनौस निळीचा व्यापार करूं लागला होता. पण १७९० सालीं पाटीलबावांनीं त्यास पुन्हा बोलावून मोठा कंपू उभारावयास लावला. त्याच वर्षीं २० जून रोजीं पाटण येथें व १० सप्टेंबर रोजीं मेडत्यास त्यानें रजपुतांचा पराभव केला. १७९३ सालीं लाखेरीस होळकरांच्या फौजेचा मोड केला. सैन्याच्या खर्चासाठीं त्यास दुआबांत मुलूख लावून दिला होता व अलीगड हें त्याचें ठाणें होतें. त्याच्या निशाणावर सव्हॉयचा पांढरा क्रूस असे.

ह्या यशाचें मर्म केवळ तोफांत नव्हतें. त्या काळीं शिपायांचे पगार महिनोन् महिने तुंबत व त्यांतून बंडें उद्भवत. बॉयन मात्र पगार वेळेवर वांटी, जखमींच्या औषधोपचाराची सोय करी व लुळ्यापांगळ्या झालेल्यांच्या निर्वाहाची तजवीज ठेवी. त्यामुळें त्याच्या माणसांचें इमान ढळलें नाहीं.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडीस महादजी वारले. बॉयननें दौलतरावांची चाकरी कांहीं काळ केली. परंतु प्रकृति खालावल्यामुळें १७९५ च्या अखेरीस त्यानें निरोप घेतला व मोठी संपत्ति घेऊन तो विलायतेस गेला.

येथें त्याच्या चरित्रांतील काळी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. लखनौस त्यानें नूर बेगम ह्या स्त्रीशीं संसार थाटला होता. तिच्यापासून त्यास एक मुलगी व एक मुलगा झाला. तीं सर्व त्याच्याबरोबर इंग्लंडांत आलीं. तरीहि १७९८ सालीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, त्यानें १७ वर्षांच्या आदेल दोस्मों ह्या उमराव कन्येशीं विवाह केला. तो विवाह सुखाचा झाला नाहीं. दोघें वेगळीं राहूं लागलीं. पहिल्या स्त्रीस त्यानें वर्षासन बांधून दिलें. पण अन्नवस्त्र दिल्यानें सोबत परत येत नाहीं. हेलेन बेनेट ह्या नांवानें ती ससेक्समध्यें एकांतांत राहिली व परक्या भूमींतच १८५३ सालीं वारली.

बॉयन शांबेरीस परतला. १८१६ सालीं सार्डिनियाच्या राजानें त्यास काउंट केलें. त्यानें लक्षावधि फ्रँक आपल्या गांवासाठीं वेंचले: वृद्धांसाठीं आश्रम, भिकाऱ्यांसाठीं निवारा, वेड्यांसाठीं इस्पितळ, रुग्णांसाठीं खाटा, शिवाय नाटकगृह व शहरांतून जाणारा रुंद रस्ता. २१ जून १८३० रोजीं त्यास मृत्यु आला. नूर बेगमेचा पुत्र शार्ल आलेक्सांद्र हाच पुढें काउंट झाला. १८३८ सालीं गांवकऱ्यांनीं चार हत्तींचें कारंजें बांधून वर त्याचा पुतळा बसविला. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं हिंदुस्थानची ती खूण आजहि उभी आहे.

परोपकारानें घरांतला अन्याय धुऊन निघतो, असें म्हणवत नाहीं. तथापि युद्धांत मिळविलेलें धन त्यानें केवळ वाड्यांत कोंडून ठेवलें नाहीं. त्यांतलें बरेंच म्हातारे, भिकारी व रोगी ह्यांच्या दारीं पोंचविलें. त्याच्या आत्म्याचा हिशेब परमेश्वराकडे आहे. आपण त्याच्या दातृत्वाचा कित्ता गिरवावा; आणि दानाचा हात बाहेर पसरतांना घरांतल्या माणसाचा हात सोडूं नये.