जिराफाची मान सांगणारा लामार्क खरा रमला होता तो शंख-शिंपल्यांत

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला लामार्क आठवतोय? उंच झाडाचा पाला खाण्यासाठी जिराफाने मान ताणली, पिढ्यानपिढ्या ती लांब होत गेली, असं सांगणारा. सोबत डार्विनही येतो आणि लामार्क चुकला होता एवढंच आपल्या लक्षात राहतं.

पण लामार्कने आयुष्यातली उमेदीची वर्षं जिराफांमागे घालवलीच नव्हती. त्याच्या टेबलावर असायचे शंख. काही ताजे, रंगीत. काही लाखो वर्षं जमिनीत राहून पांढरेफटक पडलेले. हा शंख कोणाचा, एवढ्या एका प्रश्नाने त्याला अशा ठिकाणी नेलं, जिथे तेव्हा जायला फारसं कोणी तयार नव्हतं.

पाद्री व्हायचं होतं, झाला सैनिक

ज्याँ-बॅप्टिस्ट लामार्कचा जन्म 1 ऑगस्ट 1744 चा, फ्रान्सच्या उत्तरेकडच्या पिकार्डी भागातला. घराणं मोठं, पैसा बेताचा. अकरा भावंडांत हा शेवटचा. वडिलांनी त्याला पाद्री करायचं ठरवलं होतं. वडील गेले आणि पोराने एक घोडा घेऊन थेट लढाईचं मैदान गाठलं. 1761 मध्ये, सोळा वर्षांचा असताना त्याने जर्मनीतल्या लढाईत शौर्य गाजवलं आणि तो अधिकारी झाला.

पुढे छावणीत असताना सोबत्यांच्या मस्करीत त्याच्या मानेला जबर दुखापत झाली. मान ताणण्याच्या सिद्धांतासाठी ओळखला जाणारा माणूस मानेच्याच दुखण्यामुळे सैन्यातून बाहेर पडला!

तुटपुंजी पेन्शन घेऊन तो पॅरिसला आला. बँकेत कारकुनी केली, वैद्यकाचा अभ्यास केला आणि शेवटी वनस्पतींच्या नादाला लागला. 1778 मध्ये त्याचं फ्रान्समधल्या वनस्पतींवरचं तीन खंडांचं पुस्तक आलं. त्याची पद्धत अगदी सोपी होती. फुलाला पाकळ्या आहेत की नाहीत? हो असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे. प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय. शेवटी रोपाचं नाव हातात! शास्त्रज्ञ नसलेल्या माणसालाही झाड ओळखता येऊ लागलं. आजही प्राणी-वनस्पती ओळखायच्या पुस्तकांत हीच पद्धत दिसते.

पन्नाशीत नवं खातं

1789 मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. राजाच्या बागेचं 1793 मध्ये राष्ट्रीय निसर्ग संग्रहालय झालं. प्राध्यापकांच्या जागा वाटल्या गेल्या आणि वनस्पतींत मुरलेल्या लामार्कच्या वाट्याला आले कीटक आणि कृमी. म्हणजे कोणालाच नको असलेलं खातं. गोगलगाय, गांडूळ, खेकडा, जेलीफिश असं जे कुठेच बसत नाही ते सगळं या गाठोड्यात. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने नव्याने अभ्यास सुरू केला. या सगळ्यांना अपृष्ठवंशीय, म्हणजे पाठीचा कणा नसलेले, असं एकत्र नाव दिलं तेही त्यानेच.

शंखांची त्याला आधीपासून आवड होती. त्याचा मित्र ब्रुग्विएर हा शंखांचा मोठा जाणकार. तो पूर्वेकडच्या लांबच्या सफरीवर गेला आणि परतताना 1798 मध्ये वाटेतच वारला. शंखांचं अर्धवट राहिलेलं काम आता लामार्ककडे आलं.

रंग उडालेला शंख कसा ओळखायचा?

इथे थोडं थांबून कोन स्नेलबद्दल समजून घेऊ. ही समुद्रातली विषारी गोगलगाय. तिचा शंख आइस्क्रीमच्या कोनासारखा, एका बाजूला निमुळता. आज तिच्या आठशेहून जास्त प्रजाती माहीत आहेत. अडचण अशी की बऱ्याच प्रजातींचा आकार जवळपास सारखाच असतो. मग फरक कळतो तो रंगावरून. कोणावर ठिपके, कोणावर पट्टे, कोणावर विणलेल्या कापडासारखी नक्षी.

शंख जमिनीत गाडला गेला की हा रंग सहसा उडून जातो. उरतो फक्त आकार. वरचा मनोरा किती उंच आहे, खांद्याची कड धारदार आहे की गोल, तोंडाची फट किती रुंद आहे, वेढ्यांवर रेषा आहेत का, एवढ्यावरच ओळख पटवायची.

लामार्कने हेच केलं. पॅरिसजवळच्या ग्रिन्योन गावात एका प्राचीन समुद्राच्या थरांत शंखांचा खजिना सापडत होता. दफ्रांस नावाच्या संग्राहकाने गोळा केलेले नमुने लामार्कला अभ्यासायला मिळाले. 1802 पासून त्याने पॅरिस परिसरातल्या शेकडो जीवाश्म प्रजातींची वर्णनं छापली. त्यात ब्रुग्विएरने नाव दिलेला एक कोनही होता, कोनस डेपेर्डिटस. या लॅटिन नावाचा अर्थ, हरवलेला.

हरवला की बदलला?

खरा वाद इथूनच सुरू होतो. जुने शंख आजच्या समुद्रातल्या शंखांशी पूर्ण जुळत नाहीत. मग ते जीव गेले कुठे?

त्याच संग्रहालयातला तरुण, वजनदार सहकारी कुव्हिए याचं उत्तर स्पष्ट होतं. ते नष्ट झाले, मोठ्या उलथापालथींत कायमचे संपले. लामार्कला ते पटेना. त्याच्यासमोर शंखांच्या रांगा होत्या. जितके नमुने वाढत, तितक्या दोन प्रजातींमधल्या फटी बुजत. इथे एक प्रजाती संपते आणि इथे दुसरी सुरू होते, अशी रेघ ओढणं अवघड होई. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की प्रजाती कायमच्या ठरलेल्या नसतात. परिस्थिती बदलते, तसे जीव हळूहळू बदलतात. 1800 च्या व्याख्यानात त्याने हे मांडलं आणि 1809 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जिराफ आला तो या पुस्तकात, अनेक उदाहरणांपैकी एक म्हणून.

कोण बरोबर होतं? दोघेही अर्धे. प्रजाती नष्ट होतात, हे कुव्हिएचं खरं. प्रजाती बदलतात, हे लामार्कचं खरं. बदल कसा होतो याचं लामार्कचं उत्तर टिकलं नाही. पण मिळवलेले गुण पुढच्या पिढीत जातात ही कल्पना त्या काळी सर्रास मानली जाई. अगदी डार्विननेही ती पूर्ण सोडली नव्हती.

डोळे गेले, काम थांबलं नाही

1815 पासून लामार्क अपृष्ठवंशीय प्राण्यांवर सात खंडांचा ग्रंथ काढत होता. 1818 च्या सुमारास त्याची दृष्टी गेली. ठिपके आणि पट्टे पाहून प्रजाती ओळखणारा माणूस आंधळा झाला. तरीही उरलेले खंड आले. तो सांगायचा, मुलगी लिहून घ्यायची. सहकाऱ्यांनीही हातभार लावला. कोन शंखांची भलीमोठी यादी असलेला सातवा खंड 1822 मध्ये निघाला, तेव्हा लामार्कला त्यातलं एक पानही दिसत नव्हतं.

पैशांची ओढाताण कायमचीच होती. शंखांचा लाडका संग्रह विकावा लागला. तो पुढे फिरत फिरत जिनिव्हाच्या संग्रहालयात पोहोचला आणि आजही तिथे आहे. 18 डिसेंबर 1829 रोजी, वयाच्या 85 व्या वर्षी लामार्क गेला. त्याला पुरलं तेही भाड्याच्या जागेत. मुदत संपल्यावर अवशेष हलवले गेले. आज त्याची कबर कुठेच नाही.

कुव्हिएने त्याच्यावर श्रद्धांजलीपर लेख लिहिला, पण त्यात कौतुकापेक्षा टीकाच जास्त गाजली. त्याच्या कल्पनांची थट्टा व्हायला मोठा हातभार लागला तो या लेखाचा.

आणि मग रंग परत आले

उडालेला रंग पूर्ण उडालेला नसतो, हे आता आपल्याला कळलंय. जीवाश्म शंख अतिनील प्रकाशात धरला की रंगद्रव्याचे उरलेसुरले अंश चमकतात. जिथे पूर्वी गडद रंग होता, तिथे उजळ दिसतं, फोटोच्या निगेटिव्हसारखं. 2015 मध्ये जोनाथन हेंड्रिक्स या अमेरिकन संशोधकाने डॉमिनिकन रिपब्लिकमधले सुमारे 48 ते 66 लाख वर्षं जुने कोन असे तपासले. 28 प्रजाती ओळखता आल्या आणि त्यातल्या 13 विज्ञानाला नव्या होत्या. पॅरिस परिसरातल्या, त्याहून कितीतरी जुन्या शंखांवरही संशोधकांनी हा प्रयोग करून नक्षी शोधली आहे.

लामार्ककडे हा दिवा नव्हता. त्याच्याकडे होते पांढरे शंख, आधी दोन डोळे आणि नंतर तेही नाहीत. तरी त्या शंखांत त्याला जे दिसलं, ते मान्य करायला जगाला पुढची पन्नासेक वर्षं लागली.

त्यामुळे यापुढे कोणी जिराफावरून लामार्कची खिल्ली उडवली, तर त्यांना शंखांचीही गोष्ट सांगा.